लष्करात बसून लष्कर उभारतोय: महाराजपूर १८४३ टेबलावर (मदत हवी, टोमणेही चालतील)

छत्रीबाजारवाला, ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिला धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. मी लष्करातला. म्हणजे फौजेतला नाही, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, बाहेरच्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं.

तर मला २९ डिसेंबर १८४३ ची महाराजपूरची लढाई छोटे सैनिक घेऊन टेबलावर मांडून खेळायचीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे गेले, मागे ताराबाई राणीसाहेब, वय जेमतेम तेरा, दत्तक घेतलेले जयाजीराव आठेक वर्षांचे, कारभार मामासाहेबांनी करायचा की दादा खासगीवाल्यांनी यावरून दरबारात ओढाताण, आणि त्या फटीतून गव्हर्नर जनरल एलेनबरो फौज घेऊन आत. एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, उत्तरेला महाराजपूर आणि शिवपुरी रस्त्याकडे पनिहार. दोन्ही आपण हरलो. पण महाराजपुरात आपल्या तोफखान्याने इंग्रजांची जवळजवळ ८०० माणसं पाडली आणि त्यांच्या सेनापती गफला मागाहून कबूल करावं लागलं की समोरच्यांना त्याने कमी लेखलं होतं. शाळेत आम्हाला यातलं एक अक्षर शिकवलं नाही.

प्लॅन असा आहे. २८ मिमी उंचीचे सैनिक, १ मिनी (छोटी बाहुली) म्हणजे खरी २० माणसं, शिंद्यांची बाजू १७ हजार धरली तर ८५० मिनी. एक्सेल तयार आहे, पलटणवार रंग भरलेत (एक्सेलमध्ये). प्रत्यक्षात तीन वर्षांपूर्वी ६० घेतले होते, त्यातल्या २० ना प्रायमर (रंगाआधीचा हात) मारलाय आणि रंगवून झालेत ४. शीख युद्धाच्या मिनी आहेत, दोनच वर्षांनी तोच गफ आणि तशीच युरोपियन कवायतीची पलटण, लांबून खपून जातं.

प्रश्न दोन. प्लॅन बरोबर आहे का, आणि बीहड (चंबळकाठच्या घळी) कसं बनवायचं?

सहा_मिमी_भक्त, इंदूर
प्लॅन बरोबर आहे फक्त आयुष्य कमी पडेल.

एक मिनी दोनशे रुपयाला धर, ८५० चे झाले १ लाख ७० हजार. एकाला पाऊण तास लागतो म्हण (तुझे चार बघता जास्तच लागत असेल), म्हणजे ६३७ तास, रविवारचे पाच तास दिलेस तर १२७ रविवार, अडीच वर्षं. आणि ही फक्त एक बाजू झाली भाऊ, इंग्रज कोण रंगवणार?

आता जमिनीचं माप बघ. सहा फुटी टेबल म्हणजे १८० सेंमी. १ सेंमीला २० मीटर धरलेस तर साडेतीन किमी मैदान बसतं, लढाईला पुरे. ६०० ची पलटण तीन रांगांत उभी केली की रुंदीला २०० माणसं, माणशी ५५ सेंमी, म्हणजे ११० मीटर, टेबलावर साडेपाच सेंमी. ६ सेंमीचा एक बेस (सैनिक चिकटवायची पट्टी) म्हणजे एक पलटण, विषय संपला. त्याच मापावर तुझा २८ मिमीचा एक शिपाई एकटा चाळीस मीटर अडवून उभा राहणार आणि गावातलं एक घर दीडशे मीटरचं होणार. महाराजपूर गाव दाखवायचंय की मॉल?

६ मिमीत एका बेसवर २४ माणसं लाव. लांबून बघितलं की पलटण दिसते, माणूस दिसत नाही. सेनापतीला तरी कुठे दिसतो.

जुना_गोलंदाज, मुरार
(गोलंदाज म्हणजे तोफेवाला, क्रिकेटवाला नाही, परवाच एकाने विचारलं.)

सहामिमीभक्तांचं गणित नेहमीच बरोबर असतं आणि त्यांचं टेबल नेहमीच जिरं सांडल्यासारखं दिसतं. मी २८ सोडणार नाही. ज्याला त्या गोलंदाजाच्या मिशा रंगवायच्यात त्याने सहा मिमीत काय करायचं?

छत्रीबाजारवाल्या, माझं ऐक. अख्खी लढाई नकोच घेऊ. गावाच्या तोंडाची एक बॅटरी घे: दोन तोफा, प्रत्येकीवर पाच माणसं, वीसेक पायदळ, समोरून येणारे इंग्रज चाळीस. लढाईचा सगळा जीव तिथेच आहे. इंग्रजांना वाटलं होतं मराठे चौंदा गावी आहेत, पुढे आले तर महाराजपुरातूनच तोफा सुरू झाल्या आणि त्यांच्यातल्या लिटलरची तुकडी बरोब्बर त्यांच्या तोंडाशी. आपले गोलंदाज तोफ सोडून हलले नाहीत, तिथेच कापले गेले. ५६ तोफा गेल्या आपल्या. त्यांच्याच धातूचे बिल्ले ओतून इंग्रज सैनिकांच्या छातीवर लावले, ग्वाल्हेर स्टार म्हणून. कोलकात्याला नदीकाठी स्मारक आहे त्याच्या घुमटातही तोच धातू आहे. मी तिथे गेलो होतो, हात लावून आलो.

पुणेरी_पाहुणा
अज्ञानाबद्दल क्षमस्व, पण हे नक्की काय चाललंय? मोठी माणसं खेळण्यातले सैनिक रंगवून त्यांची लढाई लावतात?

छत्रीबाजारवाला
हो अगदी तेच. पट्टीने मोजून चाली, फाशांवर गोळीबार. प्रशियाच्या फौजेत १८२४ पासून अधिकारी हेच १:८००० च्या नकाशावर खेळायचे आणि त्यांना पगार मिळायचा. आम्हाला बोलणी मिळतात.

आरासवाली_मावशी, ग्वाल्हेर
अहो पुणेकर, दिवाळीत किल्ला करत होतात की नाही लहानपणी? अळीव पेरायचे, आरशाच्या तुकड्याचं तळं, वर महाराज आणि पायऱ्यांवर मावळे? तेच हे. फक्त ही मुलं पाडव्यानंतर किल्ला मोडत नाहीत.

मी काही लढाईबिढाई खेळत नाही. चाळीस वर्षं गौरीची आरास करत्ये, आमचा मुलगा या नादी लागला म्हणून इथे आल्ये. एक विचारायचं होतं, तुम्ही सगळे सैन्याचंच बोलताय, हे सैन्य उभं कशावर करणार? आधी जमीन करा रे. जमीन झाली की चार बाहुल्या ठेवल्या तरी बरं दिसतं. नुसत्या बाहुल्या डायनिंग टेबलावर ठेवल्या तर त्या डायनिंग टेबलावरच्या बाहुल्याच दिसतात.

सहा_मिमी_भक्त, इंदूर
मावशींना माझा दंडवत. दहा वर्षं हेच सांगतोय मी, इतकं नीट कधी सांगता आलं नाही.

छत्रीबाजारवाला
मावशी पटलं. मग बीहडच आधी. थर्माकोलचे तुकडे एकावर एक लावून एक उंचवटा केला, फोटो टाकलाय, कसा वाटतोय?

चंबळकाठचा, मुरैना
फोटो पाहिला. वाईट वाटून घेऊ नकोस पण हा सज्जनगड आहे.

मी बीहडातच लहानाचा मोठा झालोय म्हणून बोलतो. बीहड डोंगर नसतो राजा, खड्डा असतो. वरची जमीन सपाट, शेतं वगैरे, चालत जाता जाता एकदम पायाखालची जमीन संपते. पाण्याने माती कापत कापत मागे सरकलेली घळ. नदीकडे रुंद, आत येत येत अरुंद, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा फाटे फुटलेल्या आणि प्रत्येक फाट्याचं टोक उभं कापलेलं. सगळ्या घळींचे माथे एकाच उंचीला असतात कारण ती मुळातली एकच सपाट जमीन आहे. हे एक चुकलं की बाकी कितीही रंगवा, बघणारा म्हणतो छान डोंगर आहेत.

म्हणून टेबलावर काही ठेवायचं नाही, आधी अख्खं टेबल ५ सेंमी उचलायचं आणि मग कापत खाली जायचं. दोन फूट बाय दोन फुटाचे सहा तुकडे कर, चार बाय सहाचं टेबल होतं, आणि पलंगाखाली जातं (हे महत्त्वाचं). २५ मिमीचे दोन थर. खालचा अख्खा ठेव, वरच्यावर नदीपासून घळी आखून काप. तुकड्याच्या कडेला घळ नेहमी एकाच जागी, मध्यावर, एकाच रुंदीची बाहेर काढ, मग कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला लागतो, दर वेळी नवं मैदान.

६ मिमीच्या माणसाच्या मापात वरच्या थराचे अडीच सेंमी म्हणजे साडेसात मीटर खोल, अगदी खरं बीहड. २८ मिमीत तेच पुरुषभरही होणार नाही, गोलंदाजसाहेबांना ओढ्यावर भागवावं लागेल.

जुना_गोलंदाज, मुरार
ओढा तर ओढा. पण मिशा असतील.

छत्रीबाजारवाला
हे वाचून सज्जनगड मोडला. साधा दाणेदार थर्माकोल घेऊ की तो एक्सपीएसचा (दाट फोमचा) निळा बोर्ड? इथे निळा कुठे मिळेल?

चंबळकाठचा, मुरैना
निळाच. थर्माकोल कापला की दाणे सुटतात, बारा महिने घरात बर्फ पडतो, आईची बोलणी वेगळी. निळा बोर्ड गच्चीच्या आणि कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनला वापरतात, त्या ठेकेदारांकडे काठाचे तुकडे पडलेले असतात, आमच्या भागात बटाट्याची कोल्ड स्टोरेज कमी नाहीत. मी तर चहा पाजून आणलेत.

कापायला तापलेली तार, नायक्रोमची, १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लावून. खिडकी उघडी ठेव, तो धूर छातीत घ्यायचा नाही. भिंती उभ्या काप, अगदी किंचित कल. मग तारेच्या ब्रशने वरून खाली, फक्त वरून खाली, ओरखडे ओढ. पावसाचे ओघळ तसेच असतात. आडवा ओरखडा आला की तो दगड वाटतो, आणि आमच्याकडे घळीत दगड नाही, माती आहे नुसती.

त्यावर वॉल पुट्टी, पण तिच्यात फेव्हिकॉल मिसळ, नाहीतर तुकडा उचलताना तडकते. आणि खाली ६ मिमीचं प्लाय चिकटव आधी. फेव्हिकॉलचं पाणी वाळताना आकसतं आणि बोर्ड पापडासारखा वाकतो, माझे पहिले दोन पापड अजून माळ्यावर आहेत.

रंगाला सगळ्यात सोपं: खरी माती. नदीकाठची आण, कढईत भाज म्हणजे किडे-अंडी जातात, मैद्याच्या चाळणीने चाळ, अर्धं फेव्हिकॉल अर्धं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब असं लावून वर भुरभुरव. जगातली कुठलीही कंपनी हा रंग बाटलीत देत नाही.

आरासवाली_मावशी, ग्वाल्हेर
चाळणी वेगळी घ्या बाई. घरातली नको.

गवताला लाकडाचा भुसा रंगवून वापरा, आरा मशीनवर पोतंभर मिळतो. ज्वारीचं कापलेलं शेत हवं असेल तर काथ्याचं पायपुसणं आणा आणि कात्रीने तुकडा कापा, हुबेहूब धाटं दिसतात. वाळूला रांगोळी. आणि चहाचा चोथा वापरणार असाल तर खडखडीत वाळवून, भाजून घ्या. माझ्या एका आराशीला गौरी जेवायच्या दिवशी बुरशी आली होती, पाहुण्या म्हणाल्या किती खरं वाटतंय गवत! मी काही बोलल्ये नाही.

छत्रीबाजारवाला
मावशी 😂

झाडांसाठी विलायती बाभूळ करायचा विचार आहे, बीहडात सगळीकडे तीच दिसते. तारेचे पीळ देऊन खोड आणि वर स्पंज.

रानभुली, ग्वाल्हेर
थांबा थांबा. पहिल्यांदा लिहितेय या धाग्यावर कारण आता राहवलं नाही. १८४३ च्या टेबलावर विलायती बाभूळ?? ती मूळची अमेरिकेकडची, भारतात आलीच १८७० च्या दशकात, आणि चंबळच्या घळींत जी एवढी माजलीय ती १९८० च्या दशकात सरकारने माती धरायला विमानातून बी टाकलं त्यामुळे. तुमच्या गोलंदाजांनी ती कधी पाहिलीसुद्धा नाही.

करीर लावा (बिनपानांचं हिरवट काटेरी झुडूप, तारेच्या जाळीसारखं, करायला सगळ्यात सोपं), हिवर लावा ज्याला इथे रेमजा म्हणतात, खोड पिवळसर पांढरं, छत्री पसरट. खैर, देशी बाभूळ. आणि दाट लावू नका. डिसेंबर आहे, गवत पिवळं पाहिजे. हिरवं टाकलंत तर मी परत येईन.

छत्रीबाजारवाला
बटणांचे रंग तीन रात्री तपासत बसलो होतो आणि झाड चुकवलं. धन्यवाद, हे एक्सेलमध्ये नव्हतं.

बडोदेकर_बंडू
हा धागा लोणच्यासारखा मुरतोय. एक अनुभवाचा सल्ला, निळा बोर्ड असो की थर्माकोल, त्यावर थेट स्प्रेचा डबा मारू नका. मी मारला होता. त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं. संध्याकाळी किल्ला ठेवून झोपलो, सकाळी वितळलेलं आइस्क्रीम. आधी फेव्हिकॉल आणि पुट्टीचा थर सगळीकडे, एक भोकसुद्धा उघडं नको, मगच स्प्रे. पंक्चरवालं रबर सोल्युशनही तसंच खातं.

बाकी मिनींना प्रायमर कधी मारता तुम्ही? आमच्याकडे बडोद्यात पावसाळ्यात वार्निश दुधाळ होतं.

जुना_गोलंदाज, मुरार
ग्वाल्हेरात मेमध्ये ४५ च्या पुढे जातो पारा, तेव्हा दुपारी गच्चीवर प्रायमर मारलास की तो हवेतच वाळून मिनीवर पोचतो आणि शिपायाला देवी आल्यासारखं होतं. पावसाळ्यात दमट, जानेवारीत धुकं. म्हणजे राहिले ऑक्टोबर नोव्हेंबर आणि फेब्रुवारी मार्च, सकाळी नऊच्या आत. वर्षभराचं प्रायमर मी दिवाळीच्या आधीच उरकतो, नाहीतर सरळ ब्रशने लावतो.

उन्हाळ्यात रंगसुद्धा पॅलेटवर दोन मिनिटांत खडा होतो. स्टीलचा चपटा डबा, तळाला ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, रंग त्यावर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला असतो. मात्र तो डबा ऑफिसच्या डब्यासारखा नसावा, यावर मी जास्त बोलणार नाही.

नवा_भिडू_२८, ग्वाल्हेर
मी थ्रीडी प्रिंटर घेतलाय रेझिनवाला, ६ मिमीच्या पट्ट्या आणि तोफा काढून देऊ शकतो. फक्त एकत्र कुटुंब आहे आणि आजी म्हणते घरात काहीतरी जळतंय.

चंबळकाठचा, मुरैना
आजी बरोबर बोलतेय, तो वास अंगाला चांगला नाही. गच्चीवरच्या खोलीत हलव, हातमोजे घाल, आणि मिनी धुतलेलं आयपीए (अल्कोहोल) मोरीत ओतू नको, उन्हात ठेवून त्यातलं रेझिन घट्ट होऊ दे. मिनी पक्क्या करायला आपलं ऊन पुरे, पण विसरलास तर ठिसूळ होतात. पाचदहा मिनिटं बघून काढ.

छत्रीबाजारवाला
ठरलं. टेबल ६ मिमीचं, १४ पलटणी, २४ च्या हिशोबाने ३३६ माणसं, नवा भिडू प्रिंट देणार. आणि जे ६० मोठे पडलेत त्यातून गोलंदाजसाहेबांच्या सांगण्यावरून एक बॅटरी, ओढ्यासकट. एक्सेल डिलीट केलं. (रिसायकल बिनमध्ये आहे अजून.)

एक विचारायचं राहिलं, हत्ती पाहिजेत का?

रानभुली, ग्वाल्हेर
पाहिजेतच! गफची बायको, त्याची मुलगी, हॅरी स्मिथची बायको हुआना, सगळ्या हत्तींवर बसून लढाई बघायला आल्या होत्या आणि मैदान मोकळं समजून पुढे येता येता थेट तोफांच्या माऱ्यात सापडल्या. हत्ती नसेल तर ती महाराजपूरची लढाई नाहीच.

छत्रीबाजारवाला
(चार महिन्यांनी)
फोटो टाकतोय. सहापैकी चार तुकडे झाले. घळीचे काठ तिसऱ्या प्रयत्नात जमले. माती नूराबादच्या पुढून सांक नदीकाठची आणली, पोलिसांनी थांबवून विचारलं पोत्यात काय आहे, खरं सांगितलं तर त्यांना आणखीच संशय आला. करीर म्हणजे तांब्याच्या तारेचा गुंता आणि हिरवा रंग, रानभुलीताई बघून सांगा. गवत पिवळं आहे.

पलटणी नऊ झाल्या. एका संध्याकाळी एक होते, खरंच. तीन वर्षांत चार माणसं रंगवली होती आणि चार महिन्यांत २१६, मी स्वतःच मोजून परत मोजली.

फोटोत मधल्या घळीत जो दोन इंचाचा मावळा भाला घेऊन उभा आहे तो माझ्या भाच्याने ठेवलाय, पलटणीच्या मापात तो पंधरा मीटर उंच आहे. काढला की रडतो. पहिल्या खेळात त्याला नियम लावावे लागतील.

आरासवाली_मावशी, ग्वाल्हेर
फार सुरेख. उजवीकडच्या घळीच्या तळाला थोडी रांगोळी टाक, पाणी वाहून गेल्यावर बारीक वाळू राहते तशी. आणि तो मावळा राहू दे.

रानभुली, ग्वाल्हेर
करीर पास. ते डाव्या कोपऱ्यातलं एक झाड मला निलगिरी वाटतंय.

छत्रीबाजारवाला
ते फुलझाडूचं तूस आहे, उद्या काढतो.

येत्या रविवारी पहिला खेळ, आमच्या घरी, चहा-पोहे आणि बेडई आहेच. गोलंदाज, चंबळकाठचा, नवा भिडू, इंदूरहून सहामिमीभक्त येतायत, सगळ्यांनी शिंद्यांची बाजू मागितलीय. चौघांनीही. इंग्रज व्हायला लष्करात कोणीच तयार नाही, आईला विचारलं तर तीही नाही म्हणाली. गफ कोण होणार?

जुना_गोलंदाज, मुरार
मी तोफ सोडणार नाही हे आधीच सांगितलंय.

बडोदेकर_बंडू
मी रात्रीची गाडी पकडतो. आम्हा बडोदेकरांना इंग्रजांच्या बाजूने उभं राहायची १८०२ पासून सवय आहे. फक्त जिंकलो तर त्या ५६ तोफा मी बडोद्याला नेणार.

नवा_भिडू_२८, ग्वाल्हेर
तोफा बाराच प्रिंट झाल्यात अजून.

बडोदेकर_बंडू
मग बारा.